एकूण कोलेस्टेरॉल १८६, 'नॉर्मल', आणि तरी भावाला अ‍ॅटॅक आला. रिपोर्ट वाचायचा तरी कसा?

घंटाळी | रविवार, रात्री १०.१२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल.

माझा धाकटा भाऊ, वय ४४. सिगारेट नाही, दारू नाही, शुगर जरा काठावर. नोकरी घणसोलीला, त्यामुळे रोजचा प्रवास ट्रान्सहार्बर लोकलने. जानेवारीत एका संध्याकाळी ठाण्याला उतरला आणि पूल चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटलं. मधल्या पायरीवर बसला. थंडीचे दिवस, तरी शर्ट पाठीला चिकटला होता. दुपारी कँटीनमध्ये खाल्लेले वडे बाधले असं त्याच्या मनाने घेतलं. घरी येऊन जिरं-सोडा प्यायला, अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली आणि आडवा पडला. रात्री अकराला डावा जबडा ठणकायला लागला तेव्हा भावजयीने त्याचं काही ऐकून घेतलं नाही, उचलून नेलंच. एक शीर जवळजवळ पूर्ण बंद होती. स्टेंट टाकला. आज तो बरा आहे, कामावर जातो.

मला छळतंय ते वेगळंच. त्याच्या ऑफिसतर्फे दर दोन वर्षांनी तपासणी होते. हॉस्पिटलातून आल्यावर मी कपाटातून तिन्ही रिपोर्ट काढून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. २०१९, २०२१, २०२३. एलडीएल, म्हणजे ते 'वाईट' कोलेस्टेरॉल, १०९, ११२, ११४. एकूण कोलेस्टेरॉल शेवटच्या रिपोर्टमध्ये १८६. समोर छापलंय 'दोनशेच्या आत असावे'. एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते) ३४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, या दोन्हींपुढे छोटीशी खूण होती, पण फोनवर त्याला सांगितलं गेलं, "सगळं ठीक आहे सर, थोडा व्यायाम करा." तो खूश, आम्हीही खूश.

आता माझा रिपोर्ट आलाय. वय ४७, नौपाड्यात राहते. एकूण २१२, एलडीएल १३८, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १६५. म्हणजे भावापेक्षा वाईट! मी घाबरायचं की नाही? 'नॉर्मल' असून त्याला कसं झालं? जाणकारांनी कृपया समजावून सांगा.

---

सोलकढी | रात्री १०.३१

ताई, वाचून काटा आला. भावाला लवकर पूर्ण बरं वाटू दे.

---

नेरूळची लॅबवाली | रात्री ११.०५

घंटाळीताई, मी वीस वर्षं लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल काही बोलणार नाही. पण तो कागद कसा तयार होतो ते सांगू शकते.

उजवीकडे छापलेली 'नॉर्मल'ची पट्टी सगळ्यांना एकच असते. विशीतल्या पोरालाही तीच आणि दोन स्टेंट पडलेल्या आजोबांनाही तीच. तुमच्या घरात कोणाला काय झालंय, बीपी किती, शुगर किती, तंबाखू आहे का, यातलं काहीही आमच्या मशीनला माहीत नसतं. म्हणून खूण नसली की धोका नाही असा अर्थ कोणी काढू नये. इतकी वर्षं काउंटरवर बघते आहे, लोक रिपोर्ट हातात घेतात, खुणा मोजतात आणि घडी घालून पिशवीत टाकतात.

दुसरं म्हणजे एलडीएल बहुतेक वेळा थेट मोजलेला नसतो, काढलेला असतो. १९७२ चं फ्रीडवाल्ड यांचं सूत्र आहे: एकूणमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. तुमचेच आकडे घ्या. २१२ वजा ४१ वजा ३३, बरोबर १३८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. त्याआधीही ते जितकं वाढेल तितका एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसायला लागतो.

म्हणून घरी एक सोपी वजाबाकी करा. एकूणमधून फक्त एचडीएल काढा. उरतं ते 'नॉन-एचडीएल', म्हणजे शिरांच्या भिंतीत रुतू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. तुमचं १७१. भावाचं १८६ वजा ३४, म्हणजे १५२. आता तो 'नॉर्मल' वाटतो का बघा.

आणि १०९, ११२, ११४ हे आकडे वाढत गेले असं समजू नका. एवढा फरक एकाच माणसात दोन दिवसांतही पडतो. तो चार वर्षं एकाच जागी होता असं धरा.

---

येऊरवाट | सोमवार, सकाळी ६.५०

वाचनखूण साठवली. वजाबाकी लगेच केली, माझं १४४. उपाशीपोटी द्यावं लागतं का हो रक्त? मी चहा घेऊन गेलो होतो.

---

नेरूळची लॅबवाली | सकाळी ७.४०

@येऊरवाट, पहिल्या तपासणीला उपाशी असायलाच हवं असं आता राहिलेलं नाही. खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइड थोडं चढतं, बाकी आकडे फारसे हलत नाहीत. ट्रायग्लिसराइड खूपच आलं तर मात्र बारा तास उपाशी राहून पुन्हा करतात. मोठा ताप, ऑपरेशन किंवा अ‍ॅटॅक यानंतर काही आठवडे आकडे खोटे खाली दिसतात, हे लक्षात ठेवा. डेंग्यूतून उठल्या उठल्या 'कोलेस्टेरॉल सुधारलं' म्हणून पेढे वाटणारे पाहिले आहेत मी.

---

खाडीपलीकडचा डॉक्टर | सोमवार, दुपारी ३.२०

मी कळव्याला जनरल प्रॅक्टिस करतो. ओपीडी संपली, म्हणून निवांत लिहितो.

लॅबवालीताईंनी निम्मं काम केलंय. पुढचं असं. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, पेशींच्या आवरणाला, पित्ताला, हार्मोन्सना. त्यातलं बरंचसं आपलं यकृतच बनवतं. ते रक्तात सुटं फिरत नाही, प्रथिनांच्या वेष्टनात बांधून फिरतं. एलडीएल हा असा एक डबा समजा. आपण मोजतो ते डब्यातलं कोलेस्टेरॉल. पण शिरेच्या भिंतीत घुसतो तो डबा, आणि किती घुसणार हे डब्यांच्या संख्येवर ठरतं. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असलेल्या माणसात हे डबे लहान असतात. आतला माल तेवढाच, म्हणून एलडीएल ११४ दिसतो. डबे मात्र जास्त. ही संख्या कळण्यासाठी अ‍ॅपो-बी नावाची तपासणी आहे. ती नसली तर नॉन-एचडीएल बऱ्यापैकी तेच सांगतो.

घंटाळीताई, तुमच्या भावाचा हा साचा आपल्याकडे घरोघरी आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडिआब या मधुमेहाच्या पाहणीत आपला महाराष्ट्रही होता. त्यातले २०१४ साली छापून आलेले आकडे पाहा: एचडीएल कमी असलेले ७२ टक्के, एलडीएल वाढलेले जेमतेम १२ टक्के. म्हणजे फक्त एलडीएलच्या खुणेची वाट बघत बसलो तर आपली बहुतेक माणसं निसटतात.

मग एचडीएल वाढवणारी गोळी द्यावी का? तो प्रयोग झालाय. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं, पण औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. कमी एचडीएल ही धोक्याची खूण आहे. तो आकडा ओढून वर आणल्याने धोका जात नाही. खाली आणायचे ते एलडीएल आणि नॉन-एचडीएल.

किती खाली, ते माणसावर. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र मार्गदर्शक आकडे दिले. कमी धोक्याच्या माणसाचा एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत. मधुमेह, बीपी यांसारख्या कारणांनी धोका जास्त असेल तर ७० आणि १००. अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ५५ आणि ८५. भावाचा एलडीएल आता ५५ च्या खाली आहे का, हे आधी विचारा.

आणि कृपया एक सांगा: वडील, काका, आजोबा यांच्यापैकी कोणाला लहान वयात काही झालं होतं का?

---

घंटाळी | सोमवार, रात्री ९.१५

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला आणि आईला फोन केला.

आमचे वडील १९९३ साली गेले. ५२ वर्षांचे होते. घरात नेहमी हेच ऐकलं की 'गॅस झाला, झोपेतच गेले'. तपासणीच्या प्रत्येक फॉर्मवर 'घरात हृदयविकार आहे का' या रकान्यात भावाने 'नाही' लिहिलंय. मीसुद्धा. आज आई म्हणाली, आदल्या आठवड्यापासून जिना चढताना थांबायचे, छाती चोळायचे.

तीस वर्षांत आम्ही कोणी तिला विचारलं नव्हतं.

---

खाडीपलीकडचा डॉक्टर | रात्री ९.५८

ताई, यात तुमचा कोणाचाच दोष नाही. त्या काळी घरी गेलेल्या माणसाच्या छातीत काय झालं हे कोण बघणार होतं.

पण आता हिशेब बदलला. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत, असं कोणाला झालं असेल तर तो लवकर आलेला हृदयविकार धरतात. तुमच्याकडे दोन आहेत. तेव्हा तुम्ही आणि भाऊ दोघांनीही लायपोप्रोटीन-ए ही तपासणी करा. लॅबमध्ये 'एलपी-ए' म्हणून ओळखतील. हाही एलडीएलसारखाच एक कण, पण त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येते. खाणंपिणं, चालणं याने ती फारशी हलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर धोका वाढलेला धरतात, आणि आपल्याकडे साधारण चौघांत एकाची तेवढी असते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी सांगावी लागते.

त्याबरोबर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी), आणि बीपी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. थायरॉइड सुस्त असेल तर एलडीएल त्यानेच चढतो, आणि थायरॉइडच्या गोळीने उतरतोही.

---

दगडफूल | मंगळवार, सकाळी ११.३०

सगळं वाचलं. मनापासून एक शंका आहे. माझे आजोबा मुरबाडचे, ९१ वर्षं जगले, घरचं तूप भाकरीवर ओतून घ्यायचे. हे आकडे दर काही वर्षांनी खाली आणले जातात आणि गोळ्या खाणारे वाढतात. कोलेस्टेरॉलनेच हृदयरोग होतो, हे खरोखर सिद्ध आहे का?

---

खाडीपलीकडचा डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३.४५

रास्त प्रश्न आहे, आणि ओपीडीत रोज येतो.

काही मुलं जन्मतःच अशी असतात की त्यांच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारे रिसेप्टर नसतात. दोन्ही पालकांकडून तो दोष आला तर एलडीएल पाचशेच्या वर, आणि शाळेच्या वयात अ‍ॅटॅक. त्या मुलांना ना तंबाखू, ना ताण, ना बैठं काम. फक्त एलडीएल. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना हा रिसेप्टर शोधण्यासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. उलट बाजूने, ज्यांचा एलडीएल जन्मतःच कमी असतो त्यांच्यात हृदयरोग फार कमी दिसतो.

गोळ्यांचं म्हणाल तर १९९४ ची स्कँडिनेव्हियातली चाचणी बघा. आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या 'स्टॅटिन' गोळ्यांपैकी एक), निम्म्यांना नकली गोळी. पाच वर्षांत गोळीवाल्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. एकूण मृत्यू, फक्त हृदयाचे नाहीत.

तुमचे आजोबा तूप खाऊन शेतात किती चालत होते, आणि त्यांच्या रक्तात काय होतं, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. त्यांच्याच गावात पन्नाशीत 'गॅस होऊन' गेलेले किती होते, तेही कोणी लिहून ठेवलेलं नाही. घंटाळीताईंच्या वडिलांसारखं.

---

दगडफूल | सायंकाळी ६.०२

पटलं. आजोबांचे दोन भाऊ लवकर गेले होते, ते आता आठवलं. घरी विचारतो.

---

सीवूडकर | मंगळवार, रात्री ८.४०

आमच्या बाबांची कथा. बायपास झालेली, रात्री एक स्टॅटिनची गोळी. मांड्या दुखतात म्हणून त्यांनी परस्पर बंद केली. आम्हाला पत्ताच नाही. एक दिवस देव्हाऱ्यामागे स्ट्रिप सापडली, पंधरापैकी अकरा गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाले, "पाय ओढत जगण्यापेक्षा नको ती गोळी." त्यांचं दुखणं खोटं नाही, चेहऱ्यावर दिसतं. काय करावं?

---

खाडीपलीकडचा डॉक्टर | रात्री ९.२५

बाबांना रागावू नका. त्यांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि गोळी बंद होती हे स्पष्ट सांगा.

स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात. पण २०२० मध्ये इंग्लंडमधली एक छोटी, फार विचारपूर्वक केलेली चाचणी आली. स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली, काही महिने काहीच नाही. कोणती चालू आहे ते त्यांना माहीत नव्हतं. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खरा होता, पण त्याचं मूळ बहुतांशी गोळी घेतो आहोत या भीतीत होतं. हे समजल्यावर त्यातले निम्मे पुन्हा गोळी घ्यायला लागले.

तरीही थायरॉइड बघतात, सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) करतात, मग डोस कमी करून, गोळी बदलून किंवा एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडून मार्ग काढतात. तेही जमलं नाही तर आता इंजेक्शनं आहेत. बायपास झालेल्या माणसाने काहीच न घेणं, एवढा एकच पर्याय आम्हाला चालत नाही.

---

सोलकढी | बुधवार, दुपारी १.१०

जेवणाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. नवऱ्याचा नॉन-एचडीएल १९० आला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी सांगितलं, मासे बंद करा. आहारतज्ज्ञ बाईंनी उलट सांगितलं. बांगडा, तारली खा, फक्त तळू नका. मासे सोडून त्या जागी पनीर आणि चीज खाणार असाल तर तोटाच आहे म्हणाल्या.

मग मी महिनाभर तेल मोजलं. चौघांच्या घरात साडेचार लिटर! विश्वास बसला नाही. कढईतलं उरलेलं तेल गाळून दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरायचं, ही सासूबाईंपासूनची सवय. ती मोडायलाच सर्वांत त्रास झाला. आता बांगडा केळीच्या पानात तव्यावर झाकण ठेवून करते, दोन चमचे तेल. आमटीत खोबऱ्याचं वाटण निम्मं, तेवढाच कांदा भाजून. खोबरं बंद केलं नाही, ते बंद केलं तर आमच्या घरात जेवणच उरणार नाही. पण खोबरेल तेलातली जवळजवळ ९० टक्के चरबी संपृक्त असते आणि त्याने एलडीएल चढतो, म्हणून त्यात तळणं सोडलं.

खरा शत्रू चहाबरोबरचा निघाला. खारी, टोस्ट, नानकटाई. बेकरीच्या खुसखुशीतपणात वनस्पती तूप असतं. सरकारने २०२२ पासून तेल-तुपातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत आणायला लावलंय, पण संपृक्त चरबी आणि मैदा आहेतच की. ट्रायग्लिसराइड तर मैदा-साखर कमी केल्यावर तीन महिन्यांत २४० चं १६० झालं.

आणि तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून जास्त पैसे देऊ नका. शेंगदाण्याचं असो की सूर्यफुलाचं, वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच.

---

खाडीपलीकडचा डॉक्टर | दुपारी ३.३०

सोलकढीताई, हा प्रतिसाद छापून ओपीडीत लावावा असा आहे. फक्त एक जोडतो. एलडीएल नुसत्या जेवणाने साधारण १० ते १५ टक्के उतरतो, मधल्या डोसच्या स्टॅटिनने ३० ते ५०. ज्याला ७० किंवा ५५ गाठायचंय त्याने 'आधी वर्षभर पथ्य करून बघतो' म्हणत वर्ष घालवू नये. दोन्ही बरोबर करावं.

---

मासुंदा | बुधवार, रात्री १०.४४

घंटाळीताई, पाळीचं काय? रजोनिवृत्तीच्या सुमाराला एलडीएल आपोआप चढतो. माझा पन्नाशीत दीड वर्षात ११० चा १४५ झाला. गरोदरपणात तुम्हाला बीपी किंवा शुगर झाली होती का, तेही डॉक्टरांना सांगा. ते संपलं की संपलं असं आपण समजतो, पण तेवढ्यानेही पुढे हृदयाचा धोका वाढतो. मला कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःहून सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी लगेच लिहून घेतलं.

बायकांमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. नुसती धाप, मळमळ, पाठीत खांद्यांमध्ये दुखणं, अचानक गळून जाणं. माझ्या जाऊबाई दोन दिवस 'पित्त' म्हणून लिंबू-सरबत पीत होत्या. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. रिक्षा शोधत किंवा स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

---

येऊरवाट | गुरुवार, सकाळी ६.३०

कचराळी तलावाला रोज पाच फेऱ्या मारतो. कोणाला सोबत हवी असेल तर सांगा, सकाळी सहाला तिथेच असतो.

---

घंटाळी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

भावाचा एलपी-ए ११२. माझा ७८. बाबांकडून आलं असावं असं डॉक्टर म्हणाले. माझं बीपी तीन दिवस घरी घेतलं, १३८/८८ च्या आसपास. एचबीए१सी ६.०. थायरॉइड ठीक. आणि हो मासुंदाताई, धाकट्याच्या वेळी मला शुगर झाली होती. डॉक्टरांनी माझ्यासाठी एलडीएल ७० च्या खालीच हवा असं सांगितलं आणि रोसुव्हास्टॅटिन १० ही स्टॅटिन सुरू केली. एलपी-ए कमी करणारं औषध अजून बाजारात नाही, म्हणून बाकी जे हातात आहे ते सगळं कडक ठेवायचं म्हणाले.

भावाचा एलडीएल ५२ आलाय. पूल चढताना मधल्या पायरीवर अजून थांबतो. दम लागत नाही, पण थांबतो.

भाची १९ वर्षांची आहे. तिची तपासणी करू का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. 'पोरीच्या डोक्यात कशाला भीती घालायची' असं आई म्हणत होती. शेवटी तीच तिला घेऊन लॅबमध्ये गेली. एलडीएल ९४, एलपी-ए ९. रिपोर्ट आल्यावर आईने बाबांच्या फोटोखालच्या खणात ठेवला.

---

नेरूळची लॅबवाली | रात्री ९.२२

ताई, डोळ्यात पाणी आलं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड करा, त्याच लॅबमध्ये.

---

घंटाळी | दोन महिन्यांनंतर

एकूण १४१, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १२०, एलडीएल ७४. नॉन-एचडीएल ९८, वजाबाकी मीच केली. एलडीएल अजून चार-पाचाने उतरायचाय. उद्या सहा वाजता कचराळीला येते, येऊरवाट.